दुर्गा खोटे, माझी आजी आणि पदराची पिन



दरवर्षी चातुर्मास लागला की आमच्या डोळखांबला एकच काम उरतं, ते म्हणजे ओल्या हवेशी भांडण. डाळींना ऊन दाखवायचं म्हणावं तर ऊन नसतं. पापडाच्या डब्याला घाम येतो, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास लागतो. यंदा ट्रंक उघडली ती त्याच भीतीनं. तळाशी आजीची पत्र्याची डबी सापडली. डबीत दोन फोटो आणि पदराला लावायची एक चांदीची पिन. एक फोटो कुंभोजच्या बाहुबलींचा. दुसरा कुठल्यातरी जुन्या मासिकातून कापलेला, दुर्गा खोटेंचा. दोन्ही एकाच कापडात गुंडाळलेले.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. आजी म्हणजे आईची आई. सासरच्या मंडळींना आजीचं बोलणं ऐकून हसू यायचं, कारण कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी गेलो, मी आलो’ असंच म्हणतात. आजीही तसंच बोलायची, ऐंशीला टेकेपर्यंत. तिच्याबद्दल लिहायचं कित्येक वर्षं मनात होतं. पण तिच्याबद्दल लिहायचं तर दुर्गाबाईंबद्दल लिहावंच लागतं. त्यामुळे आज स्वयंपाकघर थोडं बाजूला ठेवते.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. मुंबईतलं सुखवस्तू लाड घराणं, मूळ गोव्याकडचं सारस्वत. कॅथीड्रल शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज. त्या काळात आमच्या आज्यापणज्यांना सही करता आली तरी कौतुक व्हायचं, म्हणजे केवढा फरक बघा. लग्न तितक्याच श्रीमंत खोटे घराण्यात झालं. बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे झाले. मग सासरचा पैसा बुडाला, आणि विशीतल्या त्या बाईवर कमावण्याची वेळ आली. शिकवण्या केल्या, पण शिकवण्यांवर दोन मुलांचं घर चालत नाही.

१९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ नावाचा चित्रपट आला. त्यात दुर्गाबाईंचं काम अगदी थोडं होतं. चित्रपट वाईट निघाला आणि गदारोळ झाला तो त्यांच्यावर. चांगल्या घरातल्या बाईनं पडद्यावर यायचं म्हणजे त्या काळी घराण्याचं नाक कापण्यासारखं होतं. त्याआधी चित्रपटात यायच्या त्या नाचगाण्याच्या परंपरेतल्या किंवा अँग्लो-इंडियन, ज्यू घरांतल्या मुली. त्यांना समाज नावं ठेवायचा, पण ‘आपल्यातली’ म्हणून नाही. ही आपल्यातली होती, म्हणून राग जास्त. आपल्या समाजातही मी हे पाहिलंय. बाहेरच्याला सूट असते, घरच्याला नसते.

तो चित्रपट पाहून एका माणसाला मात्र त्यांच्यात वेगळंच काही दिसलं. ते व्ही. शांताराम. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. १९२९ साली ती तिथंच स्थापन झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. शांतारामांनी दुर्गाबाईंना ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामतीचं काम दिलं. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. १९३२ सालचा हा मराठी बोलपट, आणि त्याची हिंदी आवृत्तीही सोबतच केलेली. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, नटीनं स्वतः गायचं आणि एकाच वेळी अभिनयही करायचा. राज्य गेलेली, नवरा विकला गेलेला, मुलाचं प्रेत हातात असलेली राणी दुर्गाबाईंनी अशी उभी केली की वर्षभरापूर्वी तोंड फिरवलेले लोक तिकीट काढून रडायला गेले.

आजी तेव्हा सात वर्षांची होती. तिचं म्हणणं असं, की प्रभातच्या स्टुडिओबाहेर पोरं गोळा व्हायची त्यात ती पण होती आणि गाडीतून उतरणाऱ्या दुर्गाबाईंना तिनं स्वतः पाहिलं. “पदर असा खांद्यावर बसवलेला, जणू खिळा मारलाय.” खरं किती आणि नंतर पाहिलेल्या फोटोंनी रंगवलेलं किती, देव जाणे. पण पदर खांद्यावर पिनेनं बसवायची सवय तिला तिथूनच लागली असं तिचं ठाम मत होतं.

पुढच्याच काळात प्रभातनं त्यांना ‘माया मच्छिंद्र’मध्ये स्त्रीराज्याची राणी केलं. शेजारी चित्ता घेऊन बसलेल्या त्या राणीचा फोटो प्रसिद्ध आहे. (मला तो पाहिला की राणीपेक्षा त्या चित्त्याचंच वाईट वाटतं. काय करणार, जैनाचा जीव.) १९३४ ला कोलकात्यात देवकी बोस यांच्या ‘सीता’मध्ये त्या सीता झाल्या, पृथ्वीराज कपूर राम. तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. नटनट्या त्या काळी एका कंपनीच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाई मात्र एकीशी बांधून राहिल्या नाहीत, काम चांगलं वाटेल तिथं गेल्या. १९३७ मध्ये ‘साथी’ नावाचा चित्रपट स्वतः काढला, दिग्दर्शनही स्वतःचं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘अमरज्योती’, १९३६ चा. त्यातली सौदामिनी ही एक आई आहे. राज्याचा कायदा तिच्या पोटच्या मुलाचा ताबा तिला देत नाही, नवऱ्याला देतो. ती दाद मागते, कोणी ऐकत नाही, तेव्हा ती समुद्रावर जाऊन चाच्यांची पुढारी होते. नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटातली ही गोष्ट आहे. आज बघताना तलवारबाजी जरा भाबडी वाटते, पण दुर्गाबाईंचे डोळे वाटत नाहीत.

आता आजीकडे येते.

आजीला एकोणतिसाव्या वर्षी वैधव्य आलं. पदरी मामा सात वर्षांचा आणि आई पाचची. दिवस पार पडल्यावर दिरांनी तीन पांढरी लुगडी आणून पाटावर ठेवली. वाईट हेतूनं नव्हे. आपल्या समाजात त्या वाटेला मान होता, हे विसरून चालणार नाही. शेठ माणिकचंद हिराचंद यांची मुलगी मगनबाई तरुणपणीच विधवा झाली आणि तिनं मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सोलापुरात सुमतीबाई शहांनी तेच व्रत पुढं नेलं. पांढरं वस्त्र, स्वाध्याय, मुलींचं शिक्षण यांत त्यांनी जन्म घालवला आणि कित्येक परित्यक्ता-विधवांना पायावर उभं केलं. त्यांच्यापुढं मी हात जोडूनच उभी राहीन. दिरांनाही वाटलं असेल, वहिनींना असंच कुठंतरी मानाचं ठिकाण मिळेल.

आजीनं ती लुगडी वर्षभर नेसली. मग एका सकाळी इचलकरंजीचं गर्द निळं सुती पातळ नेसून, पदराला पिन लावून बसदीत दर्शनाला गेली. घरी आल्यावर थोरल्या जावेनं विचारलं, हे काय? आजीचं उत्तर आमच्या घरात म्हणीसारखं झालंय: “ते गेले. मी नाही गेलो.”

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण थोड्याच महिन्यांत आजी शिवणाचा कोर्स करायला पुण्याला गेली, सहा महिन्यांसाठी. मुलांना दिराकडं ठेवून. त्या घरात माझ्या आईला, त्या पाच-सहा वर्षांच्या पोरीला, कोणीतरी सांगितलं, “तुझी आई नटायला गेलीय पुण्याला, सिनेमात जाणार.” आई ते वाक्य कधीच विसरली नाही. आजी मशीन घेऊन परत आली, शिवणकामावर दोन्ही मुलांना शिकवलं, मामाला इंजिनिअर केलं. पण आईनं जन्मभर साधे फिकट रंग नेसले. कुंकवापलीकडं काही लावलं नाही. आजी सणाला फुग्यांच्या बाह्यांचा ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहिली की आई उठून आत जायची.

लहानपणी मला वाटायचं, आई किती धार्मिक आणि आजी किती हौशी. मोठेपणी कळलं की ते धर्माबिर्माचं नव्हतंच.

धर्माचं म्हणाल तर आजी अजिबात कच्ची नव्हती. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. कांदा-लसूण तर नाहीच, चातुर्मासात पालेभाजीही नाही. आणि फॅशनची एवढी आवड असून तिनं रेशीम सोडलं होतं, कारण रेशमासाठी किडे उकळतात हे तिला शिवणाच्या वर्गात कळलं. तिची सगळी ऐट सुतातली होती! मी एकदा तिला पर्युषणात चिडवलं, की आजी, अपरिग्रहाचं काय? कपाटात तेवीस पातळं आहेत तुझ्या. तिनं उमास्वामींचं तत्त्वार्थसूत्र काढलं. तिथं परिग्रहाची व्याख्या वस्तूंवरून केलेली नाही, वस्तूत गुंतून पडण्यावरून केलेली आहे. “एक उचल आणि ने. बघू मला रडू येतंय का.” मी उचललं. तिला रडू आलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाली, “तो रंग तुला शोभत नाही गं, त्यापेक्षा दुसरं ने.” आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आजी एकदाच डोळखांबला आली, माझ्या लग्नानंतरच्या वर्षी. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कल्याण, तिथून कसारा लोकलनं आसनगाव, मग शहापूरहून एसटी. पंचाहत्तरीची बाई एवढा प्रवास करून उतरली ती पातळाच्या निऱ्याही न विस्कटता. बाजारात ठाकर बायका रानभाजी घेऊन बसल्या होत्या, गळ्यात मण्यांच्या माळांचे पदरच्या पदर. आजी त्यांच्यासमोर उकिडवी बसली, भाजीला हात न लावता माळा कशा ओवतात ते विचारत राहिली. घरी येऊन सासूबाईंना म्हणाली, “मुंबईच्या पोरी काय नटतात हो! नटणं इथं आहे.” सासूबाई अजून ते सांगतात.

रात्री लाइट गेले. बाहेर असा पाऊस, की भातसा धरण भरून वाहतंय की काय असं वाटावं. कंदिलाच्या उजेडात मी विचारलं, दुर्गाबाईंचं तुला एवढं काय? मला वाटलं कपड्यांचं सांगेल. ती कैकेयीचं सांगू लागली.

१९४२ च्या ‘भरत मिलाप’मध्ये शोभना समर्थ सीता होत्या आणि दुर्गाबाई कैकेयी. लोक कैकेयीला शिव्या घालत थिएटरबाहेर पडायचे. आजीला मात्र त्या कैकेयीत आपल्या घरातलं रामायण दिसलं. विमलसूरींचं पउमचरियं किंवा रविषेणांचं पद्मपुराण ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत असेल. आपल्याकडची कैकेयी लोभी नाही. दशरथ दीक्षा घ्यायला निघतो, त्याच्यामागं भरतही निघतो. नवरा चाललाच आहे, निदान मुलगा तरी राहावा म्हणून ती भरतासाठी राज्य मागते, आणि त्यातून सगळा अनर्थ होतो. आजी म्हणाली, “पोराला धरून ठेवायला गेली आणि सगळीच माणसं गेली. मी पोरांना सोडून गेलो, मशीन घेऊन आलो. माणूस कसंही करो, काहीतरी जातंच.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. आईचं नाव तिनं घेतलं नाही, मीही नाही.

दुर्गाबाईंचंही काही कमी गेलं नाही. दुसरं लग्न केलं, ते टिकलं नाही. धाकटा हरिन ऐन उमेदीत गेला. त्याची बायको विजया, पूर्वाश्रमीची जयवंत, दोन लहान मुलांसह मागं राहिली, जशा सासूबाईंवर कधीकाळी दोन लहान मुलं घेऊन उभं राहायची वेळ आली होती तशीच. त्या विजयाबाईंनी पुढं फरोख मेहतांशी लग्न केलं, आणि विजया मेहता या नावानं मराठी रंगभूमीला काय दिलं ते सांगायला नको. एकाच घरात सासू आणि सून अशा दोघी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

कामाचं म्हणाल तर दुर्गाबाई थांबल्याच नाहीत. आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त १९४१ साली त्यांनी खाष्ट सासू केली, तीही अशी की त्याच्या हिंदी आवृत्तीसाठी त्यांना पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या छत्तिशीतच होत्या. नायिकेचं वय उलटतंय म्हणून रडण्याऐवजी सरळ सासूच्या कामाला हात घालणं मला फार शहाणपणाचं वाटतं. साहित्य संघात शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ नाटकात, म्हणजे मॅकबेथच्या मराठी अवतारात, राणी केली. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. नवरा आणि मुलगा यांच्या मधे चिरडलेली. ‘बॉबी’त त्या आजी झाल्या, मिसेस ब्रिगान्झा. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर मिळालं. १९६८ ला पद्मश्री, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. मधल्या काळात त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढून माहितीपट आणि जाहिरातपट केले. ऐंशी ओलांडल्यावर त्याच संस्थेनं दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ केली. आमच्या पिढीनं ती मालिका जेवणं आटोपून पाहिली, पण तिच्यामागं तारामती आहे हे माहीत नव्हतं. शोलेतला कालिया, म्हणजे विजू खोटे, आणि शुभा खोटे ही त्यांच्या दिराची मुलं. नातू देवेन खोटे यूटीव्हीच्या संस्थापकांपैकी एक.

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८२ ला आलं. आजीनं ते वाचनालयातून आणून दोनदा वाचलं होतं. शांता गोखल्यांनी त्याचं इंग्रजीही केलंय. मला त्यात आवडतो तो स्वतःची बाजू फारशी न सावरणारा सूर. शेवटची वर्षं त्या अलिबागकडं राहत होत्या. २२ सप्टेंबर १९९१ ला गेल्या. आजीनं त्या दिवशी पेपर घडी करून ठेवला आणि एकासन केलं, असं मामा सांगतो.

आजी २००४ ला गेली. आईनं तिसऱ्याच दिवशी सगळी पातळं वाटून टाकली, तेवीसच्या तेवीस. कोणाला विचारलं नाही. मी भांडले. आई म्हणाली, “परिग्रह नको.” मी म्हटलं, हा परिग्रह नव्हे, हा राग आहे. आम्ही वर्षभर नीट बोललो नाही. आज ते लिहिताना मला माझीच लाज वाटते, कारण तो राग आईचा होता आणि तो तिनं कधी काढायचा हे ठरवणारी मी कोण? डबी तेवढी मी आधीच पिशवीत टाकली होती. तिच्याबद्दल आईला कधी सांगितलं नव्हतं.

यंदा आई चातुर्मासात डोळखांबला आली. आता तीच आजी मरताना होती त्या वयाला आलीय. ट्रंक उघडली तेव्हा ती शेजारी बसली होती, त्यामुळे लपवता आलं नाही. तिनं फोटो पाहिला, काही बोलली नाही. संध्याकाळचं लवकरचं जेवण झाल्यावर मी मोबाइलवर ‘अमरज्योती’ लावला, सहज लावल्यासारखं करून. चित्र धूसर, आवाज खरखरणारा. सौदामिनीला मुलाचा ताबा नाकारतात तिथं आई पुढं सरकून बसली. “पोर मिळतं का तिला परत?” मी म्हटलं, बघ ना पुढं. तेवढ्यात रेंज गेली, मागोमाग लाइटही.

अंधारात ती म्हणाली, “पुण्याहून आली तेव्हा पहिला फ्रॉक माझा शिवला होता तिनं. पिवळा. मी घातला नाही.”

सकाळी मी पाणी गाळत होते तेव्हा आतल्या खोलीत ती आरशासमोर उभी दिसली. फिकट पातळाच्या पदराला पिन लावत होती. नेम चुकत होता, दोनदा बोटाला टोचली. शेवटी बसली. तिनं मान वळवून खांदा बघितला, पिन काढली, पुसली आणि डबीत ठेवली. माझ्या मुलीला ती पिन कॉलेजच्या कार्यक्रमाला हवीय. आई म्हणते, मी आहे तोवर डबी माझ्याकडं राहील. काल कोल्हापूरला जाताना ती घेऊन गेली.